विश्लेषण : रंगीत किंगस्नेकची घरगुती पैदास आणि भारतीय कायद्यातील पोकळी

नवी दिल्ली : चेन्नई विमानतळावर ऑगस्ट २०२२ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक डी ब्राझा माकड, दोन अल्डाब्रा कासवे, पाच बॉल पायथन आणि पंधरा किंगस्नेक जप्त केले. हे प्राणी थायलंडला परत पाठवण्यात आले आणि बातमी तेथेच संपली. मात्र या जप्तीत एक महत्त्वाचा बारकावा होता. माकड, कासव आणि अजगर या तिन्ही प्रजाती वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. संख्येने सर्वांत जास्त असलेला किंगस्नेक मात्र त्या यादीत नाही. भारतात विदेशी प्राण्यांच्या नोंदणीची सारी व्यवस्था याच यादीवर उभी असल्याने हा बारकावा केवळ तांत्रिक राहत नाही.

किंगस्नेक हा मूळचा अमेरिका खंडातला बिनविषारी साप. नावातील साधर्म्यामुळे त्याचा आपल्या नागराजाशी गोंधळ होतो. प्रत्यक्षात दोघांचे कूळही वेगळे. साम्य एवढेच की दोघेही इतर साप खातात. उत्तर अमेरिकेतील विषारी रॅटलस्नेकलाही किंगस्नेक विळख्यात घेऊन गिळतो आणि त्याच्या विषाचा किंगस्नेकवर फारसा परिणाम होत नाही. कॅलिफोर्नियात आढळणारा किंगस्नेक काळ्या-तपकिरी अंगावर पांढरे किंवा पिवळसर पट्टे असलेला, सुमारे मीटरभर लांबीचा, काटक आणि माणसाच्या हाताळणीला सरावणारा. या गुणांमुळेच तो पाळीव सापांच्या जागतिक बाजारात लोकप्रिय झाला.

बाजारात खरी किंमत मिळते ती रंगाला. निसर्गात क्वचितच दिसणारा रंजकहीन, म्हणजे ‘अल्बिनो’ साप, फिकट जांभळ्या छटेचा ‘लॅव्हेंडर’, जवळजवळ पूर्ण पांढरा ‘हाय व्हाइट’ अशी नावे विक्रेत्यांच्या यादीत असतात. त्यामागचे शास्त्र शालेय पाठ्यपुस्तकातल्या मेंडेलच्या वाटाण्याइतके सोपे आहे. अल्बिनो गुणाचे जनुक अप्रभावी असते. आई-वडील दिसायला नेहमीच्या रंगाचे, पण दोघेही त्या जनुकाचे वाहक असतील, तर सरासरी चारपैकी एक पिल्लू रंजकहीन निघते. अल्बिनो नर आणि अल्बिनो मादी यांच्यात जनुक एकच असेल, तर सगळीच पिल्ले तशी. त्यामुळे एक जोडी हाती आली की पुढच्या पिढ्यांसाठी परदेशातून काही आणण्याची गरज उरत नाही.

पैदाशीची रीतही अवघड नाही. हिवाळ्यात साधारण दोन-तीन महिने सापांना अन्न न देता दहा ते तेरा अंश सेल्सिअसच्या गारव्यात ठेवतात. वसंतात नर-मादी काही काळ एकत्र आणतात. तेही लक्ष ठेवून, कारण भुकेला किंगस्नेक जोडीदारालाच भक्ष्य समजू शकतो. मादीने घातलेली अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये ठेवून सत्तावीस ते एकोणतीस अंशांवर उबवतात. सुमारे दोन महिन्यांनी वीतभर किंवा थोडी अधिक लांबीची पिल्ले बाहेर येतात. त्यांना लगेच वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे लागते. एकत्र राहिली तर एक दुसऱ्याला गिळते. आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकल्यानंतर ती खाऊ लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे उंदरांची नवजात पिल्ले ठेवली जातात.

येथे पैदासकारांची एक नेहमीची अडचण असते. काही पिल्ले उंदराला तोंडच लावत नाहीत. निसर्गात या वयात त्यांचा आहार बऱ्याच अंशी सरड्यांचा असतो. तेव्हा उंदराच्या पिल्लाला सरड्याचे अंग घासून त्याचा वास देतात आणि सापाला फसवून पहिला घास खायला लावतात. छंदी मंडळींच्या दृष्टीने ही एक युक्ती. परंतु अंड्यातून बाहेर पडलेल्या किंगस्नेकला सर्वप्रथम कशाची ओढ असते, हे तिच्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होत असेल.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील ग्रान कनारिया या स्पॅनिश बेटाला त्याची किंमत मोजावी लागली. कॅनरी बेटांवर मूळचा एकही साप नाही. तेथील सरडे लक्षावधी वर्षे सापाविना उत्क्रांत झाले. त्यांच्या वर्तनात सापाचे भय मुरलेलेच नव्हते. १९९८ मध्ये या बेटावर कॅलिफोर्निया किंगस्नेक आढळला. तो पाळीव सापांच्या वंशातला होता. कोणाच्या घरातून निसटला की कोणी जाणूनबुजून सोडला, हा तपशील आता गौण ठरला आहे. रानात मोठ्या संख्येने सापडणारे अल्बिनो साप हेच त्याच्या मुळाचे उघड चिन्ह. कॅलिफोर्नियाच्या माळावर ससाण्याच्या नजरेत तत्काळ भरला असता असा पांढरा-पिवळा साप येथे निर्धास्त वाढला, कारण त्याला खाणारे फारसे कोणी नव्हते आणि तो बराच काळ जमिनीखाली राहतो.

परिणाम मोजले गेले आहेत. २०२१ मध्ये ‘प्रोसिडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, साप पोहोचलेल्या भागांत ग्रान कनारियाच्या महाकाय सरड्याची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक, स्थानिक सापसुरळीची ऐंशी टक्क्यांहून अधिक आणि स्थानिक पालीची निम्म्याहून अधिक घटली आहे. या तिन्ही प्रजाती बेटावरील मूळच्या रहिवासी. पाऊण मीटरपर्यंत वाढणारा हा सरडा फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर पसरवतो. त्याच्या नाहीसे होण्याचा फटका झाडाझुडपांनाही बसतो. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत त्याला ‘कमी चिंताजनक’ वर्गातून थेट ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात टाकले. सापसुरळी ‘संकटग्रस्त’ झाली.

युरोपीय संघाच्या निधीतून २०११ ते २०१५ या काळात साप पकडण्याचा स्वतंत्र प्रकल्प राबवला गेला आणि त्यानंतरही मोहीम सुरू ठेवण्यात आली. सापळे, माग काढणारी कुत्री, हाताने पकडणे असे नाना उपाय झाले. निर्मूलन मात्र झालेले नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघाने किंगस्नेकचा समावेश आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत केला. त्यामुळे सदस्य देशांत त्याची विक्री, वाहतूक आणि पैदास यांवर बंदी आली. ज्यांच्याकडे आधीपासून साप आहे त्यांना तो मरेपर्यंत, प्रजनन व पलायन होणार नाही या अटींवर ठेवता येतो. बेटावर पहिला साप दिसल्यापासून या निर्णयापर्यंत चोवीस वर्षे गेली.

भारतातील स्थिती विचित्र म्हणावी अशी आहे. नाग, धामण किंवा अजगर बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; गारुड्यांचा व्यवसाय त्यातूनच संपुष्टात आला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने विदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आणली. त्यातील प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणे, जन्म, मृत्यू व हस्तांतर कळवणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह होते. पण चौथी अनुसूची म्हणजे साइट्सचीच यादी. साइट्स विचारतो तो प्रश्न एवढाच : व्यापारामुळे ही प्रजाती तिच्या मूळ देशात धोक्यात येते का? किंगस्नेकच्या बाबतीत उत्तर नाही असे आहे आणि ते बरोबरही आहे. ती दुसऱ्या देशात गेल्यावर तेथे कोणाला धोक्यात आणील, हा प्रश्न त्या कराराच्या कक्षेतच येत नाही.

परवान्याविना असा साप देशात आणताना सापडल्यास सीमाशुल्क कायदा लागू होतो. एकदा तो विमानतळाबाहेर पडला आणि कोणाच्या खोलीत त्याच्या मादीने अंडी घातली, की त्या पिल्लांना सीमा ओलांडावी लागलेलीच नसते. चौथ्या अनुसूचीची नोंदणीही त्यांना लागू नाही.

बंदिस्त पैदाशीमुळे रानातील सापांवरचा ताण कमी होतो, असा छंदी मंडळींचा युक्तिवाद असतो. कॅलिफोर्नियापुरता तो खरा मानता येईल. ग्रान कनारियातील सरड्यांना त्याचा उपयोग झाला नाही. भारतात मूळचे साप भरपूर आहेत, सापांचे भक्षकही आहेत, आणि कोरड्या उन्हाळ्यांना सरावलेला हा साप पावसाळी मुलखात मूळ धरीलच असे नाही. त्या बेटाची स्थिती येथे जशीच्या तशी लागू करणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि पश्चिम घाटात एखाद्या डोंगररांगेपुरत्या किंवा पठारापुरत्या मर्यादित असलेल्या पालींच्या व सरड्यांच्या प्रजाती गेल्या काही वर्षांत सातत्याने नोंदवल्या जात आहेत. अशा चिमुकल्या अधिवासालाही बेटच म्हणावे लागेल. शिवाय पट्टेदार विदेशी साप वस्तीत निघाल्यास मण्यार समजून मारला जाईल, किंवा मण्यारीलाच कोणाचा तरी पाळीव साप समजून हात लावला जाईल. दुसरी शक्यता अधिक घातक.

उपायासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. २०२२ च्या त्याच दुरुस्तीने समाविष्ट केलेले कलम ६२ अ केंद्र सरकारला आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणूक आणि प्रसार यांवर नियंत्रण वा बंदी घालण्याचा अधिकार देते. किंगस्नेक व कॉर्न स्नेक यांसारख्या साइट्सबाह्य, सहज वाढणाऱ्या सापांची या कलमाखाली छाननी होऊ शकते. त्यासोबत आज ज्यांच्या घरी असे साप आहेत त्यांना शिक्षेच्या भयाविना ते जाहीर करण्याची आणि नकोसे झाल्यास जमा करण्याची सोय लागेल. बंदिवासात किंगस्नेक वीस वर्षे सहज जगतो. दहावीतल्या मुलाने हौसेने आणलेले पिल्लू तो नोकरीला लागून दुसऱ्या शहरी गेल्यावरही डब्यात जिवंत असते, आणि ते कोणाच्या स्वाधीन करावे याचे उत्तर त्याच्या आई-वडिलांपाशी नसते.