सुई टोचण्याआधी एक प्रश्न विचारा!



'फुल बॉडी चेकअप, साठ तपासण्या, अर्ध्या किमतीत!' अशी जाहिरात येते आणि आईवडिलांच्या काळजीपोटी तुम्ही पैसे भरता. जरा थांबा. आधी हे वाचा.

रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल'ची मर्यादा बहुतेक वेळा ९५ टक्के निरोगी माणसांच्या आकड्यांवरून ठरते. म्हणजे वीस धडधाकट माणसांतल्या सरासरी एकाचा आकडा त्याबाहेर जातोच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बिघडलेला दिसण्याची शक्यता ६४ टक्के! मग घराची झोप उडते. पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. पोरांच्या फीसाठी ठेवलेले पैसे जातात आणि आजार मुळात नसतोच.

म्हणून विचारा. प्रत्येक वेळी विचारा: "डॉक्टर, या रिपोर्टमुळे माझे उपचार बदलणार आहेत का?" जुने रिपोर्ट जपून ठेवा, सोबत न्या, दाखवा. 'तीन महिन्यांची साखर' डॉक्टरांनी खास कारण सांगितल्याशिवाय दर महिन्याला तपासू नका. तापात टायफॉइडसाठीच्या एकट्या 'विडाल' तपासणीवर विसंबू नका. टायफॉइड नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि लेकराला नको ते अँटिबायोटिक सुरू होतं.

दवाखान्यात दाखल झालेल्यांचे हाल वेगळे. एकदा कागदावर 'रोज' लिहिलं, की रोज सकाळी रक्त काढलं जातं. ते थांबवायचं कुणाला सुचत नाही. आयसीयूतल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन अशा वारंवार रक्त काढण्यानेही उतरतं. वर बिल वाढतं ते वेगळंच.

डॉक्टरांनो, रुग्णालयाच्या विश्वस्तांनो, हे तुमच्या हातात आहे. नियम बदला. 'रोज'चा आदेश बंद करा. तपासणी हवी असेल तर त्या दिवशी नव्याने लिहा, कारणासह लिहा. एका खुणेत दहा तपासण्या मागवणारे फॉर्म मोडा. प्रत्येक तपासणीपुढे दर छापा. तीच तपासणी पुन्हा लवकर मागवली, तर संगणकाने आधीचा रिपोर्ट समोर ठेवावा. आणि लॅबकडून कट घेऊ नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने त्याला बंदी घातली आहे.

पण गरजेची तपासणी एकही चुकवू नका. गरोदर सुनेचं हिमोग्लोबिन तपासाच. खोकला दोन आठवडे हटत नसेल, तर थुंकी तपासाच. मधुमेह असेल, तर साखर वेळेवर पाहाच. फुकट गेलेला प्रत्येक रुपया अशाच तपासणीच्या वेळी कमी पडतो.

आपल्या माणसांसाठी तुम्ही काहीही कराल, हे आम्हाला ठाऊक आहे. मग एवढं कराच. पुढची चिठ्ठी हातात पडेल, तेव्हा तिथेच, डॉक्टरांसमोर, तो एक प्रश्न विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.