हिवाळ्याचा मंच आणि दारातली हलगी

थंडी जरा कुठे पडायला लागली की अंबरनाथ पूर्वेला शिवाजी चौकापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत फ्लेक्स चढू लागतात. मालवणी महोत्सव, आगरी महोत्सव, खाद्य महोत्सव. आणि हिवाळा सरता सरता, महाशिवरात्रीच्या आगेमागे, या सगळ्यांत मोठा शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल. खासदार डॉ. श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने तो गेली काही वर्षं भरतो. चित्रं, शिल्पं, खाण्याचे स्टॉल, रात्री नामवंत गायक-वादक. ज्या गावाची ओळख ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोच्या काड्यापेट्या आणि एमआयडीसीचा धूर अशी होती, त्या गावात चार दिवस लोक चित्रांपुढे उभे राहून बोलतात. हे चांगलं आहे. मी स्वतः जाते, आणि गर्दीत वस्तीतल्या बायका लेकरांना खांद्यावर घेऊन गाणं ऐकताना दिसल्या की मला आनंदच होतो.

पण या फेस्टिव्हलवरून आपल्या पोरांमध्ये दरवर्षी एकच भांडण होतं आणि दरवर्षी ते अर्धवट राहतं. एक गट म्हणतो, देवळाच्या नावाचा कार्यक्रम आहे, आपण बौद्ध, आपला काय संबंध? बहिष्कार टाका. दुसरा गट निवेदन टाइप करून, त्याच्या तीन झेरॉक्स काढून निघतो की साहेब, एक संध्याकाळ भीमगीतांना द्या. मला दोन्ही पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहून टाकावं म्हणून हा लेख.

आधी बहिष्कारवाल्यांशी बोलते. ते शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. आज ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. आत पूजा करायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला त्याचं उत्तर माहीत आहे. पण भिंतीवरचं शिल्प ही पूजा नाही. तो काळा पाषाण कुणीतरी खाणीतून काढला, कुणीतरी वाहिला, कुणीतरी महिनोन्महिने उन्हात बसून कोरला. राजाचं नाव प्रत्येक सूत्रसंचालक घेतो. छिन्नी धरणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, आणि ते न येण्याशी आपला फार जवळचा संबंध आहे. परिसराच्या सुशोभीकरणाला सरकारने शंभर कोटींहून अधिक रुपये मंजूर केले, ते कुणा भक्ताच्या खिशातले नाहीत. कुठलाही महोत्सव भरला की पोलीस सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता कागदी प्लेटा गोळा करणारे कंत्राटी सफाई कामगार तर कुणाचे आहेत हे मी सांगायची गरज नाही. हजेरीपत्रकावरची आडनावं वाचा. आपल्याच पैशांवर आणि आपल्याच माणसांच्या घामावर आपणच बहिष्कार टाकायचा, हा कसला बाणेदारपणा?

आणखी एक. मंदिराला लागून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरातून येते तेव्हा ती नदी असते, कल्याणला पोचेपर्यंत तिचा नाला झालेला असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत बेकायदा रसायन सोडलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना मध्यरात्री श्वास लागून दवाखाने गाठावे लागले. तेही थंडीचेच दिवस होते. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते त्यांतल्या निम्म्या या पाण्याच्या काठावर आहेत. महोत्सवाच्या फोटोत नदीवरची रोषणाई येते, वास येत नाही. तो वास तिथे जाऊन, चित्रातून, गाण्यातून कुणी सांगायचा? घरी बसलेला बहिष्कारवाला तर नक्कीच सांगणार नाही.

आता निवेदनवाले. त्यांच्यावर माझा राग कमी आहे, पण मुद्दा जास्त गंभीर आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवमंदिर फेस्टिव्हलची नाही, आपल्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका महोत्सवाची. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. वस्तीतल्या पाच पोरांचं हलगी पथक आहे. सगळी मातंग समाजातली, दिवसा कुणी डिलिव्हरी करतो, कुणी कंपनीत हेल्पर. त्यांना बोलावणं आलं. पोरं खूश. नवीन कुर्ते शिवले, ते उसने पैसे काढून. तिथे गेल्यावर कळलं की वाजवायचं आहे प्रवेशद्वारावर. पाहुण्यांची गाडी आली की वाजवायचं, पाहुणे आत गेले की थांबायचं. साडेपाच ते दहा. आत मंचावर मुंबईहून आलेला बँड होता, त्याला साउंड चेकसाठी दुपारचे दोन तास दिले होते. पोरांना वडापावाचं कुपन, एक प्रमाणपत्र आणि येण्याजाण्याच्या नावाखाली प्रत्येकी दोनशे रुपये. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'लोककलेच्या संवर्धनातील योगदानाबद्दल'.

मी ते प्रमाणपत्र बराच वेळ हातात धरून बसले होते. माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यातले. गावच्या लग्नात, जत्रेत वाजवायचं काम आमच्या आणि मांगवाड्यातल्या घरांकडे होतं. वाजवायचं दारात, जेवायचं सगळ्यात शेवटी, तेही लांब बसून. धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी हलगी खुंटीवरून काढली ती परत हातात धरली नाही. आजी सांगायची, बोटं मात्र झोपेतसुद्धा चालायची त्यांची. ज्या दारातून आजोबा उठले त्याच दारात ही पोरं बसवली होती, फक्त दार आता एलईडीचं होतं.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला गोपाळ गुरूंचा २००२ चा गाजलेला लेख होता. त्यात त्यांनी विचारलं होतं की समाजविज्ञानात सिद्धांत मांडणारे एका बाजूचे आणि नुसता अनुभव पुरवणारे दुसऱ्या बाजूचे, अशी वाटणी का? महोत्सवाच्या पत्रिकेवर हीच वाटणी छापलेली असते. एकाला 'कलाकार' म्हणतात, दुसऱ्याला 'लोककलाकार'. कलाकाराला नाव असतं, फोटो असतो, मानधन असतं. लोककलाकाराला परंपरा असते. परंपरेला मानधन कोण देतं? आणि आपण निवेदन देऊन भीमगीतांची एक संध्याकाळ मागतो तेव्हा आपण याच रकान्यात स्वतःहून नाव घालतो. समजा, संध्याकाळ मिळाली. तर ती मंगळवारची, सात ते आठ, दिवे पूर्ण न लागलेली, आणि शेवटी सत्कार. पुढच्या निवडणुकीत त्या सत्काराचा फोटो वस्तीच्या तोंडाशी लागतो.

मग करायचं काय? उत्तर शोधायला जरा चेन्नईला जाऊन येऊ.

तिथे डिसेंबर-जानेवारीत, मार्गळी महिन्यात, कर्नाटक संगीताचा मोठा हंगाम भरतो. शहरभर सभांमधून कचेऱ्या होतात. त्यातली सगळ्यात मानाची संस्था म्युझिक अकॅडमी. तिचं मूळ डिसेंबर १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेत आहे. डिसेंबर १९२७! त्याच महिन्याच्या २५ तारखेला महाडात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जळत होती. तिकडे सभागृह उभं राहण्याची सुरुवात होत होती आणि इकडे आपल्याला परिषदेला जागा मिळत नव्हती. शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली तेव्हा मंडप पडला. मंच कुणाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीत पहिल्यापासून आहे.

त्या मार्गळीत पुढे काय झालं बघा. टी. एम. कृष्णांसारख्या प्रस्थापित गायकाने २०१५ मध्ये सोबत्यांसह ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात महोत्सव सुरू केला. सभागृहातली कला वस्तीत आणली. चांगलंच केलं. पण त्याहून मोठं पाऊल दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने टाकलं. २०२० पासून त्याच मार्गळी महिन्यात 'मार्गळियिल मक्कळिसै', म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत. अंत्ययात्रेपुढे वाजवायला लावलेली परै तिथे मंचाच्या मधोमध आली, गाना गाणारे आले. कुणाच्या हंगामात एक संध्याकाळ मागितली नाही. त्याच महिन्यात आपला हंगाम उभा केला, चांगल्या साउंडसह, चांगल्या दिव्यांसह. लोक ऐकायला तिकडे गेले.

आपल्याला तर हंगाम शोधायचीही गरज नाही. हिवाळाभर आपलंच कॅलेंडर आहे. २६ नोव्हेंबर संविधान दिन. ६ डिसेंबर. २५ डिसेंबर मनुस्मृती दहन. १ जानेवारी भीमा कोरेगाव. ३ जानेवारी सावित्रीमाई. १४ जानेवारी नामविस्तार दिन. २६ जानेवारी. ७ फेब्रुवारी माता रमाई. एवढे दिवस ओळीने दुसऱ्या कुणाकडे आहेत? तरीही 'अंबरनाथचा हिवाळी सांस्कृतिक हंगाम' म्हटलं की यातला एकही दिवस कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आपल्याही नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. विहारातल्या एका ज्येष्ठ आयुष्मानांनी मला तोंडावर विचारलं, "ताई, आपला हिवाळा महापरिनिर्वाणाने सुरू होतो. तुम्ही तिथे फेस्टिव्हल करणार?" नाही करणार. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर मेणबत्ती घेऊन उभं राहणाऱ्या माणसाला कुणी मनोरंजन देऊ नये. पण त्याच दिवशी शिवाजी पार्कात काय असतं ते आठवा. पुस्तकांचे ढीग, पुस्तिका, कॅलेंडरं, कुठे डफ घेऊन गाणारा एखादा म्हातारा शाहीर, भोवती उकिडवी बसलेली माणसं. शर्मिला रेगे यांनी २००८ मध्ये याच गर्दीवर, याच पुस्तिकांवर आणि गाण्यांवर लिहिलं. या गर्दीला 'अंधभक्ती' म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं की इथे लोक ज्ञान घेतात, देतात आणि स्वतः घडवतात. दुःख आणि कला एकमेकांच्या विरोधात नसतात. विलास घोगरेंनी रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये आयुष्य संपवलं. त्या माणसाकडे दुःख आणि गाणं वेगळं काढून दाखवता आलं असतं का?

खरा अडथळा वेगळाच आहे आणि तो आपल्या घरातला आहे. जलसा आपणच बुडवला. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा घाट घेतला, आतला मजकूर उलटा केला. हसता हसता माणसाला कळायचं की मेलेलं जनावर ओढायचं नाही आणि पोरीला शाळेत घालायचं. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. विठ्ठल उमपांनी तर दीक्षाभूमीवर मंचावरच शेवटचा श्वास घेतला. हा सगळा ऐवज आपण आज कुठे ठेवलाय? १४ एप्रिलच्या ट्रकवर, अशा डीजेत, जिथे शब्द ऐकूच येत नाहीत. एका रात्रीच्या डीजेला मंडळं जी रक्कम मोजतात तेवढ्यात त्या पाच हलगीवाल्या पोरांना वर्षभर सराव करता येईल, मानधन घेऊन. 'ते आपले नाहीत, ते मातंग आहेत' असं कुजबुजणारेही आपल्यात आहेत. त्यांनी अण्णाभाऊंचा फोटो आधी भिंतीवरून उतरवावा, मग बोलावं.

अण्णाभाऊंवरून आठवलं. त्यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना आहे. तिच्यातून गटारं होतात, पेव्हर ब्लॉक बसतात. होऊ देत, गटार हवंच आहे. पण आयुष्यभर डफावर थाप मारलेल्या शाहिराचं नाव लावायचं आणि वस्तीत डफ ठेवायला एक खोली नसावी, हे नगरपालिकेला कुणी विचारलंय का?

तेव्हा निवेदन द्यायचंच असेल तर वेगळं देऊ. भीमगीतांची संध्याकाळ मागू नका. सार्वजनिक पैसा लागणाऱ्या प्रत्येक महोत्सवात कुणाला किती मानधन दिलं याचा हिशोब मागा, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. २५ डिसेंबर ते ७ फेब्रुवारी या काळात पालिकेच्या जागा ज्या दराने आणि ज्या सोयींनी इतरांना मिळतात त्याच दराने आणि सोयींनी आपल्याला मिळाल्या पाहिजेत, एवढीच मागणी लिहा. आणि कुठल्याही महोत्सवाच्या दारात आपलं पोरगं फुकट वाजवणार नाही, हे वस्तीत ठरवून टाका. मंचावर असेल तर वाजवेल, नाव छापून, साउंड चेक करून. हलगी आजोबांनी सोडली ती त्या दारामुळे. मंचावर ती परत हातात घ्यायला माझी काही हरकत नाही, आणि वाटतं त्यांचीही नसती.

उरलेलं काम आपलं. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीपासून बदलापूरपर्यंत गाणारी माणसं आहेत, धुणीभांडी करून आलेल्या बायका वामनदादा तोंडपाठ म्हणतात. ३ जानेवारीला सुरुवात त्यांच्यापासून करू. तालमी दर रविवारी संध्याकाळी विहारातच. तिथल्या हार्मोनियमच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत आणि भाता फाटलाय. ओळखीत कुणी दुरुस्त करणारा असेल तर येताना घेऊन या.

जयभीम.