ओरत्तनाडूचे छत्र पडू देऊ नका

तंजावरच्या छत्रांत मध्यरात्री घंटा वाजत असे. दिवसभर वाटसरूंना अन्न वाढून झाले, तरी चूल विझवण्याआधी पुकारा होई : कुणी उपाशी राहिले असेल तर या, अजून भात आहे. ही दंतकथा नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजे भोसल्यांनी १८०१ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात हा तपशील आहे.

ते पत्र आज पुन्हा वाचायला हवे, कारण तेही एक आवाहनच आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजाकडे उरला किल्ला आणि वाडा. छत्रांना लावून दिलेली गावेही जातील, ही धास्ती होती. म्हणून राजाने छत्रात काय काय चालते ते एकेक करून लिहिले. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सगळ्यांना भात. जोगी, जंगम, अतीत, फकीर, कुणी वर्ज्य नाही. दुसऱ्याच्या हातचे शिजलेले न चालणाऱ्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न. साप-विंचवावर उतारा जाणणारा माणूसही हजर. तान्ह्या पोरांना दूध. वाटेतच बाळंत झालेल्या बाईला तीन महिने छत्रात राहण्याची मुभा. अनाथ मुलांना आसरा आणि शिक्षण. आणि जो तिथेच गेला त्याचे, त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे, क्रियाकर्म.

राज्य गेलेला राजा चुलीसाठी पदर पसरतो आहे. मला तरी मराठ्यांच्या इतिहासात याच्याइतके थोर कागद फार थोडे दिसतात.

छत्रे होती रामेश्वराच्या वाटेवर. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची, सेतूची वाळू परत गंगेत सोडायची, ही आपल्या आजी-पणजीच्या पिढ्यांची पायी यात्रा. कावेरी ओलांडली की सपाट मुलूख, ऊन आणि शेवटी समुद्रकाठची वाळू. त्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी डझनाहून अधिक छत्रे बांधली आणि त्यांतल्या अनेकांना घरातल्या बायकांची नावे दिली. नीडामंगलमला यमुनांबा, मणमेलकुडीला द्रौपदांबा. तंजावरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर, ओरत्तनाडूला मुक्तांबा. ही मुक्तांबा राणी नव्हे. सरफोजींचा तिच्यावर जीव होता, ती तरुणपणीच गेली आणि जाताना माझ्या नावाने छत्र बांधा म्हणाली, असे सांगतात. १८०० च्या सुमारास छत्र उभे राहिले. दर्शनी बाजूला हत्ती आणि घोडे असे कोरले आहेत की सगळी वास्तूच रथासारखी ओढली जाते आहे. ताजमहालाच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो. एका माणसाने गेलेल्या प्रियेसाठी हजारोंच्या जेवणाची सोय केली, ती गोष्ट मात्र आपल्या कानावर आलेली नसते.

(याच भागात समुद्रकाठी सरफोजींनी १८१४ साली आठ मजली मनोराही बांधला, इंग्रजांनी नेपोलियनला हरवल्याच्या आनंदात. तमिळ माणूसही त्याला ‘मनोरा’च म्हणतो. राजाचे सगळेच निर्णय डोक्यावर घ्यावेत असे नाही.)

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. छत्रांचा जीव गेला तो मात्र रेल्वेमुळे. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि यात्रेकरू गाडीत बसून थेट बेटावर उतरू लागला. पायी चालणारा संपला, तसे छत्रातले पान उरले नाही. इमारती मग कुठे शाळेला, कुठे वसतिगृहाला लागल्या. हे काही वाईट झाले नाही, मुलांच्या वावरानेच त्या इतकी वर्षे टिकल्या. पण छत्रांच्या पडझडीच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. विटा आणि चुन्याच्या कामात पिंपळ रुजला की त्याचे मूळ भिंतीच्या पोटात शिरते. वरून फांद्या छाटून काही होत नाही. त्यावर कुणी सिमेंट थापले तर ओल आतच कोंडते आणि चुना भुसभुशीत होतो. शिवाय हा वादळांचा टापू. नोव्हेंबर २०१८ च्या गज वादळाने या भागातली नारळाची बनेच्या बने लोळवली. एकदा छप्पर गेले की दोनशे वर्षांच्या भिंतीला दोन पावसाळेही पुरतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतला एक, जिंजी, तमिळनाडूतच आहे. आपण पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. शनिवार-रविवारी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ काढणारी, तटावरची झाडे उपटणारी पोरे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. माझे मागणे त्यांच्याकडेच आहे. तमिळ मुलखातले मराठ्यांचे सर्वांत अभिमानाचे बांधकाम ना तट आहे ना बुरूज, ती एक भटारखान्याची इमारत आहे. तिथे चढाई नाही, सेल्फीला कडा नाही. म्हणून ते गड नव्हे का?

एक गोष्ट आधीच सांगतो. झेंडे आणि घोषणा घेऊन जाऊ नका. छत्र आज ओरत्तनाडूच्या लोकांचे आहे, व्यवस्था तंजावर जिल्हा प्रशासनाच्या छत्रम विभागाकडे आहे, आपण पाहुणे. अन्नछत्रात जेवून मिरपूड मागणाऱ्याची आपल्याकडे काय शोभा होते ते ठाऊक आहे. आणि जातीप्रमाणे वेगळ्या पंगती त्या छत्रांतही होत्या, हे झाकून गौरव करायचा नाही. सगळ्यांना जेवण होते, एका ओळीत नव्हते.

मग करायचे काय? तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याला आणि तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्यांना लिहा, इंग्रजीत किंवा तमिळमध्ये, की ओरत्तनाडू आणि नीडामंगलमची छत्रे संरक्षित स्मारकांच्या तोलाने जपावीत. डागडुजी चुन्यातच व्हावी, हिरडा आणि गूळ घालून घोटलेल्या, तिथले गवंडी करतात तशी. छत्रांचे हिशेब मोडीत आहेत. तंजावरचे मोडी कागद तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये आणले. आपल्याकडे मोडीचे वर्ग घेणाऱ्यांनी निदान एका छत्राच्या खर्चाची बाडे वाचून मराठीत आणावीत. किती तांदूळ शिजला, वैद्याला पगार काय, दूध किती, हे समजू द्या. वास्तुकला शिकणाऱ्यांनी मोजमापे घेऊन नकाशे करावेत. पडझड झालीच तर निदान ते उरतील.

आणि हे छत्र वाचले तर त्याचे हॉटेल करू नका. काचेच्या पेटीत पगडी ठेवलेले संग्रहालयही नको. शाळा-वसतिगृह राहू द्या, आणि एका कोपऱ्यात रोज दुपारी चार पाने वाढली जाऊ द्या, जो येईल त्याला.

दक्षिण यात्रेच्या गाड्या दरवर्षी महाराष्ट्रातून निघतात. तंजावरात बृहदीश्वर पाहतात, तिथल्या भिंतीवरचा १८०३ चा भोसल्यांचा मराठी शिलालेख दाखवला तर पाहतात, आणि घड्याळ बघत रामेश्वराला निघतात. या खेपेला गाडीवाल्याला सांगा, पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला घे. ओरत्तनाडूला तासभर उतरा. वाटेवरच आहे, वाटसरूंसाठीच बांधले होते.