नावानिशी मत

आपल्या खासदाराचे नाव विचारले तर बहुतेकांना ते सांगता येते. पक्ष सांगता येतो, आधीचा पक्षही सांगता येतो. पण गेल्या वर्षभरात त्यांनी संसदेत कोणत्या विधेयकाला होकार दिला आणि कोणत्याला नकार, असे विचारून पाहा. मी हा उद्योग अनेकदा केला आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या कट्ट्यावर. उत्तर ठरलेले असते : ''पक्ष सांगेल तसं देत असतील!'' त्यात रागही नसतो, आश्चर्यही नसते. मला धास्ती वाटते ती या थंडपणाची.

या बाबतीत अमेरिकेकडे पाहण्याजोगे आहे. त्या देशाचे सगळेच गोडवे गायला मी बसलेलो नाही. निवडणुकीतला तिथला पैसा पाहिला तर आपले उमेदवार गरीब वाटावेत. पण त्यांच्या राज्यघटनेतच एक तरतूद आहे. हजर असलेल्यांपैकी एक पंचमांश सभासदांनी मागणी केली, की प्रत्येकाचा होकार-नकार नावानिशी नोंदवावाच लागतो. आपल्या राज्याच्या प्रतिनिधींनी त्या आठवड्यात कशाकशावर काय मत दिले, याचा तक्ता तिथली वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे छापत आली. बंदूकवाल्यांची संघटना तर सभासदांना शाळेतल्यासारख्या श्रेणी देते.

तिथेही पूर्वी एक पळवाट होती. दुरुस्त्यांवर मतदान घेताना प्रतिनिधिगृह समितीच्या रूपात बसे, सभासद मोजणाऱ्यांसमोरून रांगेने जात, डोकी मोजली जात; नावे कोणी लिहीत नसे. १९७० च्या कायद्याने ती लिहिता येऊ लागली. त्या सुमारास आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानासाठी सरकारी पैसा द्यावा की नाही, हा वाद पेटला होता. १९७० साली बिननावाच्या मोजणीत ही योजना तरून गेली. मार्च १९७१ मध्ये नावे लिहून घेतली आणि ती आपटली. बाहेर विरोध वाढला होता, हे खरे. पण मतदार यादी वाचणार आहे हे कळल्यावर माणूस हात वर करण्यापूर्वी जरा थांबतो, हेही खरे.

अशा नोंदीची किंमत मोजावी लागते. पेनसिल्व्हेनियातल्या मार्जरी मार्गोलिस-मेझव्हिन्स्की १९९२ साली निवडून आल्या, त्या फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू उपनगरांतून. कर वाढवणार नाही, असे त्यांनी मतदारांना सांगितले होते. ऑगस्ट १९९३ मध्ये क्लिंटन यांचा अर्थसंकल्प मताला आला, त्यात करवाढ होती. रात्री अध्यक्षांचा फोन आला. अडले तरच होकार देईन, असे बाई म्हणाल्या, आणि अडलेच. २१८ विरुद्ध २१६ मतांनी अर्थसंकल्प तरला. विरोधी बाकांवरून ''गुडबाय, मार्जरी'' असा घोष झाला आणि १९९४ मध्ये मतदारांनी तो खरा केला. (पुढे २०१० साली त्यांचा मुलगा क्लिंटन यांचा जावई झाला, पण तो वेगळा अर्थसंकल्प!) बाईंचे मत देशहिताचे होते की नाही, यावर वाद घालता येईल. मत कोणाचे होते, यावर मात्र वाद नव्हता.

मोंटाना राज्याच्या जेनेट रँकिन यांची कथा अधिक हलवून सोडणारी आहे. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेली ही पहिली स्त्री. पहिल्या महायुद्धात उतरायला १९१७ साली त्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्या बाजूला आणखी ४९ जण होते. १९४० साली त्या पुन्हा निवडून आल्या. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी युद्धाचा ठराव आला आणि ३८८ विरुद्ध १ असा मंजूर झाला. तो एक म्हणजे रँकिन. संतापलेल्या गर्दीपासून बचावासाठी त्यांना टेलिफोनच्या खोपटात शिरावे लागले. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. पुढे गांधीजींच्या विचारांच्या ओढीने त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. संसदभवनात प्रत्येक राज्याला दोनच पुतळे ठेवता येतात. १९८५ मध्ये मोंटानाने त्यांतला एक या बाईंचा ठेवला. हिशेब मागणाऱ्या मतदाराला आपला हिशेब कधी तपासूनही पाहावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत आणि राज्यसभेत १९. आपल्या संसदेतली पुष्कळ विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. एखाद्याने मतविभाजन मागितले आणि लोकसभेच्या अध्यक्षांना ते अनावश्यक वाटले, तर सभासदांना जागेवर उभे करून मोजता येते. नावे नोंदली जात नाहीत. म्हणजे अमेरिकेने १९७० साली बुजवलेले भोक आपल्या नियमांत अजून शाबूत आहे. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन शेतीविधेयके मतविभाजनाची मागणी होऊनही आवाजी मतदानाने मंजूर झाली. ज्या कायद्यांपायी शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, त्यांना कोणी होकार दिला याची नावांची यादी नाही.

योगायोगाने २० सप्टेंबरलाच, पण २०२३ साली, महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली. विरोधातल्या दोघांपैकी एक आपल्याच राज्यातले होते, औरंगाबादचे त्या वेळचे खासदार इम्तियाज जलील. इतर मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांना त्यात वाटा नाही, हे त्यांच्या पक्षाचे म्हणणे. पटो वा न पटो, नाव ठाऊक आहे, जाब विचारता येतो.

पण नाव कळूनही प्रश्न उरतोच, कारण मत खासदाराचे नसते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेश मोडून मत दिले, किंवा नुसते गैरहजर राहिले, आणि पक्षाने १५ दिवसांत क्षमा केली नाही, तर सभासदत्व जाऊ शकते. 'आयाराम-गयाराम' थांबावेत म्हणून हा कायदा आला. ते किती थांबले, हे २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाहिलेच आहे. घाऊक पक्षांतराला वाट सापडते. कांद्याच्या प्रश्नावर एकट्याने 'नाही' म्हणणाऱ्या नाशिकच्या खासदाराला मात्र सापडणार नाही.

माझ्या मते पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठरावासारख्या, सरकारच्या जीवन-मरणाच्या मतदानापुरतीच असावी. दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच जवळपास हेच सुचवले होते. यावर कोणी म्हणेल, मग मते विकली जातील. काही जातीलही. पण विकलेले मत नावानिशी वहीत असेल, तर पाच वर्षांनी ते मतदाराच्या हाती लागेल. आज आपण खासदाराला गटार, नळ आणि पथदिवे यांवरून धारेवर धरतो. ते काम नगरपालिकेचे. पण दुसरे काही विचारावे असे त्याच्यापाशी आपण ठेवलेलेच नाही.

येत्या गणपतीत खासदार आरतीला येतील, तेव्हा नारळ हाती देता देता मी त्यांना एवढेच विचारणार आहे, की गेल्या अधिवेशनात आपण कशाला होकार दिलात, आणि पक्षादेश नसता तर तोच दिला असता का?