वजनकाट्याशेजारी मोजपट्टीही हवी



किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १८.५ च्या खाली कमी वजन, तिथपासून २५ च्या आत योग्य, पुढे जादा आणि ३० पासून लठ्ठपणा, ही जागतिक आरोग्य संघटनेची विभागणी. दवाखान्यातल्या तक्त्यांवर, व्यायामशाळांत आणि मोबाइलच्या ॲपवर अनेकदा हीच जशीच्या तशी वापरली जाते. भारतीय प्रौढांना ती खोटा दिलासा देते, म्हणून ती बदलायला हवी.

हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडले. ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. रोगनिदान हा त्यांचा विषयच नव्हता. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांच्यामुळे रूढ झाले आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. वजनातली चरबी किती, स्नायू किती आणि ती चरबी नेमकी कुठे साठली आहे, हे या भागाकारातून कळतच नाही. कसलेला पैलवान त्यात लठ्ठ ठरतो. मात्र आपल्याकडची मोठी अडचण उलट्या बाजूची आहे.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात याची मुळे जन्मापर्यंत गेलेली दिसली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची; पण पुण्याच्या बाळांत स्नायू कमी भरलेले असताना चरबी त्या मानाने टिकून होती. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, ही ठेवण आपल्या अनेक घरांत ओळखीची आहे. पोटातली, यकृताभोवतीची चरबी इन्शुलिनचे काम बिघडवते. म्हणूनच ‘अंगाने बारीक आहे, याला कसला मधुमेह’ हा समज घातक ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये मूळ विभागणी कायम ठेवली, पण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा, असे ठरवले. १६५ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती ६६ किलोची असेल, तर तिचा बीएमआय सुमारे २४.२ येतो. एका तक्त्यात ती निर्धास्त असते, दुसऱ्यात तिला साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगितले जाते. या उंचीला भारतीय निकषाने योग्य वजन साधारण ५०.५ ते ६२.५ किलो आहे.

रेषा खाली आणली की धडधाकट माणसेही रुग्ण ठरतील, हा आक्षेप रास्त आहे. पण २३ ओलांडणे म्हणजे आजार नव्हे. तपासणीची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय दुसरे टोक विसरून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी होता. त्यांना वजन वाढवायची गरज आहे. गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांना तर प्रौढांचा हा तक्ता लावूच नये.

चरबी पोटावर साठली आहे का, हे सांगणारे कंबरेचे माप तर जवळजवळ फुकटात मिळते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पट्टी न आवळता ते घ्यायचे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीय मर्यादा आहे. पँटचा नंबर इथे कामाचा नाही, कारण सुटलेल्या पोटाखाली पँट सहज बसते. आरोग्य केंद्रे, कंपन्यांच्या वार्षिक तपासण्या आणि विमा कंपन्यांचे अर्ज यांत २३ ची रेषा आणि कंबरेच्या मापाचा रकाना सक्तीचा करावा.