प्रयोगशाळेचे कुलूप आणि परदेशाची वाट

आपल्या निवासी शाळेतील मुलांना पुढे काय करणार असे विचारले, की उत्तरे ठरलेली असतात : पोलीस भरती, नर्सिंग, फार तर इंजिनिअरिंग. या वाटांनी अनेक घरे सावरली. त्यांना आम्ही कमी लेखत नाही. परंतु ‘असेंद्रिय रसायनशास्त्र शिकण्यासाठी परदेशी विद्यापीठात जाईन’ असे उत्तर कधी येत नाही, याची खंत या स्मरणिकेत नोंदवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ते स्वतः अर्थशास्त्र शिकले. मात्र १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, परदेशातील शिक्षणासह, शिष्यवृत्त्या मागितल्या. हे शिक्षण महाग आहे, म्हणूनच ते आपल्यापासून दूर राहते, हे त्यांनी ओळखले होते.

बीडच्या दुष्काळी मातीत या शास्त्राचा उपयोग काय, असे पालक विचारतात. परळीच्या औष्णिक केंद्राची राख म्हणजे मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाची ऑक्साइडे. बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड ओळखणे व काढणे हेही याच शास्त्राचे काम. हे प्रश्न आपल्या दाराशी आहेत. उत्तरे शोधणारी माणसेही आपल्यातूनच का घडू नयेत?

खर्चाची भीती खरी आहे. सहा महिने कोयता घेऊन कारखान्यावर राबणाऱ्या आईबापांना विमानाचे तिकीटही स्वप्नवत वाटते. परंतु अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शिवाय अमेरिकेत रसायनशास्त्राच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापन किंवा संशोधनातील मदतीच्या मोबदल्यात बहुधा शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. हे आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही.

तरीही पहिला अडसर पैशाचा नव्हे, सरावाचा आहे. तेथील प्रयोगशाळेत हवेचा स्पर्शही न सोसणारी संयुगे बंद पेटीत, हातमोज्यांतून हाताळावी लागतात. आमची मुले मात्र प्रयोगवही एकमेकांची पाहून उतरवतात, कारण आमच्याच प्रयोगशाळेला वर्षातील बराच काळ कुलूप असते. हा दोष आमचा आहे. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनिया ओतत गेले, की आधी साका बसतो, मग तो विरघळून गर्द निळा रंग उमलतो. अशा संयुगांची रचना उलगडल्याबद्दल झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांना १९१३ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. तो रंग स्वतःच्या हाताने घडवलेल्या मुलालाच त्याचे कारण शोधावेसे वाटेल. केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्ही वंदनेनंतर सांगतो. तो परीक्षानळीपर्यंत न्यायचे राहून गेले.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच : नावाच्या फरशीऐवजी वर्षभराची रसायने द्या. अर्ज कसा भरावा, इंग्रजीची परीक्षा कशी द्यावी, हे सांगण्यासाठी महिन्यातून एक रविवार वसतिगृहात या. कुलूप काढण्याची जबाबदारी आम्ही घेतो.