कोकाचे पान: एकाच कराराची दोन मापे

अँडीजमधील वैदू कोकाची तीन पाने जुळवून पाचामामेला, म्हणजे भूमातेला, अर्पण करतो. पाने पसरून दुखण्याचे मूळ शोधतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरूंनी हे पान सैतानी ठरवले. मात्र पोतोसीच्या चांदीच्या खाणींत मजूर ते चघळल्यावाचून राबेनात, तेव्हा निषेध गुंडाळला गेला. चर्चने त्यावर दशमांशही घेतला!

१९६१च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय कराराने पान चघळणे २५ वर्षांत संपवण्याचे फर्मान काढले. त्याच कराराच्या २७व्या कलमाने मात्र अल्कलॉइडविरहित स्वादद्रव्यासाठी हीच पाने वापरण्यास मुभा दिली. शीतपेयाच्या बाटलीला परवाना, आयमारा वैदूच्या झोळीला बंदी!

२०१३मध्ये बोलिव्हियाने चघळण्याचा हक्क केवळ स्वतःच्या भूमीपुरता परत मिळवला. अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्यालाही हरकत घेतली होती.